भ्रमणवृत्तांतांचा क्रम आणि शोध : सह्याद्रीतील दुर्ग, घाटवाटा व वाड्या यांच्या नोंदींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

आमच्या महाविद्यालयाच्या जिमखान्यातील एका लोखंडी कपाटात डोंगरभटकंतीच्या वह्यांचा गठ्ठा आहे. मोहिमेहून आलेल्या विद्यार्थ्यांनी आठवडाभरात वृत्तांत लिहून द्यावा, असा तेथील पूर्वापार शिरस्ता. वृत्तांतात स्वारगेट किंवा शिवाजीनगर स्थानकावरून निघालेल्या एसटीची वेळ असते, पायथ्याच्या गावाचे नाव असते, चढाईस लागलेले तास असतात, चुकलेली वाट असते आणि पिठले-भाताचे वर्णन तर हमखास असते. काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मुळशी खोऱ्यातील एका किल्ल्यावर विद्यार्थ्यांना नेण्याचे ठरले, तेव्हा गडावरील टाक्यांत त्या दिवसांत पाणी मिळते काय, असा साधा प्रश्न उभा राहिला. वह्या काढल्या. परंतु कोणत्या वहीत कोणता किल्ला आहे हे सांगणारी काहीच सोय नव्हती; दोन संध्याकाळी पाने उलटूनही हाती काही लागले नाही. माथ्यावरील टाकी कोरडी निघाली आणि आम्ही तहानलेले खाली उतरलो. पुढे जूनमध्ये, निराळ्याच कामासाठी वही चाळत असता, त्या किल्ल्याचा वृत्तांत सापडला. माथ्यावरची टाकी फेब्रुवारीनंतर आटतात, मात्र पश्चिमेकडील कड्याखाली एका खोदीव टाक्यात बारमाही पाणी असते, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते.

माहिती उपलब्ध होती, पण ती ज्या क्रमाने लिहिली गेली होती त्या क्रमाने ती विचारली जात नव्हती. भटकणारा दिवसांच्या क्रमाने लिहितो. त्याच्या मागून येणारा स्थळ, पाणी, वाट, ऋतू यांच्या अनुरोधाने शोधतो. भ्रमणवृत्तांतांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास या दोन क्रमांचा मेळ घालावा लागलेला आहे, आणि तो घालताना काहीतरी गाळावे लागलेले आहे. काय गाळले गेले, हे संग्राहकाच्या हेतूवर अवलंबून राहिले. सह्याद्रीच्या बाबतीत जे सातत्याने गळत आले ते म्हणजे दोन स्थळांना जोडणारी वाट आणि त्या वाटेवरची वाडी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लीळाचरित्र आणि स्थानपोथी

हा प्रश्न आधुनिक काळाने निर्माण केला, अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः मराठी गद्याच्या आरंभकाळीच तो उपस्थित झालेला दिसतो. चक्रधरस्वामींच्या भ्रमणाचा आणि सहवासाचा वृत्तांत म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘लीळाचरित्रा’त संकलित केला. ज्यांनी लीळा पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून त्यांनी हे काम केल्याचे परंपरा सांगते. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी त्याची मांडणी आहे. म्हणजेच तिचा कणा काळाचा आहे.

पंथातील भिक्षूंना नित्य अटन विहित होते. अटन करीत एखाद्या गावी आलेल्या भिक्षूस स्वामी येथे केव्हा आले यापेक्षा ते नेमके कोठे बसले, कोणत्या देवळात राहिले, हे जाणून घ्यावयाचे असे. कारण ते स्थान त्याला वंदनीय होते. काळाच्या क्रमाने लिहिलेल्या ग्रंथात हे शोधणे दुष्कर. या गरजेतून ‘स्थानपोथी’ निर्माण झाली. चौदाव्या शतकातील ही पोथी मुनी व्यास यांच्या नावावर आहे. तिच्यात गाव हे एकक असून गावातील देवळे, मठ, त्यांची दारे कोणत्या दिशेस, एका स्थानापासून दुसरे कोणीकडे, असा तपशील आहे. भाविकतेने लिहिलेला हा ग्रंथ आज यादवकालीन गावांच्या रचनेचे साधन म्हणून अभ्यासिला जातो, तो या कोरड्या तपशिलामुळेच. वि. भि. कोलते यांनी त्याचे संपादन केले. ॲन फेल्डहाऊस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कनेक्टेड प्लेसेस’ या ग्रंथात महाराष्ट्रातील धार्मिक भूगोलाचा जो विचार केला आहे, तोही येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

स्थानपोथीकारांनी लीळाचरित्र मोडून स्थानपोथी केली नाही, ही यातील महत्त्वाची गोष्ट. मूळ वृत्तांत आपल्या क्रमाने अबाधित राहिला आणि त्याच्या शेजारी स्थळांची दुसरी पोथी उभी राहिली. एकीवरून दुसरीकडे जाता येते. पाच शतकांनंतर इंग्रज प्रशासनाने नेमके याच्या उलट केले.

१८१८ ची पाहणी आणि गॅझेटिअर

पेशवाईच्या अस्तानंतर सह्याद्रीतील किल्ल्यांचे काय करावयाचे, हा कंपनी सरकारपुढील तातडीचा प्रश्न होता. मे १८१८ मध्ये मेजर एल्ड्रिज याच्या तुकडीने जुन्नर परिसरातील चावंड, जीवधन हे किल्ले घेतले. त्याच वर्षी कॅप्टन डिकिन्सन या अभियंता अधिकाऱ्याने उत्तर कोकणातील किल्ल्यांची पाहणी केली. तट किती पक्के, पाण्याची टाकी किती, चढण्याची वाट कशी, अशा नोंदी त्याने केल्या. डिकिन्सनचा अहवाल हा अर्थात सहलीचा वृत्तांत नव्हे. तथापि किल्ल्यामागून किल्ला प्रत्यक्ष चढून, पाणी आणि वाट यांची नोंद घेणारे जे लेखन आज गिर्यारोहक करतात, त्याच्याशी त्याचे विलक्षण साम्य आहे. भेद हेतूचा आहे. वाट चढण्यासाठी नव्हे, तर बंद करण्यासाठी नोंदविली जात होती. पुढे अनेक गडांच्या खोदीव पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगांनी उडविण्यात आले. जीवधनाच्या तुटक्या पायऱ्यांपाशी दोर लावताना विद्यार्थी कपाळावर आठ्या घालतात, तेव्हा त्यांना ही हकीकत सांगावी लागते.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे खंड निघू लागले, तेव्हा डिकिन्सनच्या नोंदी त्यात समाविष्ट झाल्या. ठाणे जिल्ह्याची स्थलवर्णने १८८२ साली स्वतंत्र चौदाव्या खंडात प्रसिद्ध झाली. माहुली, मलंगगड, अशेरी यांसारख्या नोंदी वाचताना १८१८ साली कॅप्टन डिकिन्सन यास काय आढळले, हे वारंवार येते. परंतु सर्व स्थळे रोमन वर्णक्रमाने लावलेली असल्यामुळे डिकिन्सनची फेरी तेथे उरलेली नाही. तो एका गडावरून दुसऱ्याकडे कोणत्या मार्गाने गेला, कोणता किल्ला त्याने आधी पाहिला, हे आता त्या खंडावरून कळत नाही. एक सलग पाहणी कातरून वर्णक्रमाच्या कप्प्यांत वाटली गेली. महसूल अधिकाऱ्याला त्याची खंत वाटण्याचे कारण नव्हते. त्याला एका गावाची वा किल्ल्याची माहिती पाच मिनिटांत हवी होती आणि ती मिळाली. या सोयीचे मोल कमी लेखू नये. आजही सह्याद्रीतील एखाद्या आडबाजूच्या किल्ल्याचा अभ्यास करणारा प्रथम गॅझेटिअरच उघडतो.

अडचण घाटवाटांची झाली. पुणे जिल्ह्याच्या अठराव्या खंडाचे तीन भाग १८८५ मध्ये निघाले. त्यात किल्ले ‘स्थळे’ या प्रकरणात, म्हणजे तिसऱ्या भागात आले, तर घाट ‘व्यापार’ या प्रकरणात, रस्ते आणि जकातींच्या सोबतीला. संपादकांच्या दृष्टीने हे योग्यच होते. किल्ला ही एक जागा, घाट हा माल वाहण्याचा मार्ग. पण ज्या घाटावर पहारा ठेवण्यासाठी किल्ला बांधला गेला, तो घाट आणि तो किल्ला एकमेकांपासून शेकडो पाने दूर गेले.

त्यात जिल्ह्यांच्या सीमेची भर पडली. सह्याद्रीची मुख्य रांग बहुतेक ठिकाणी जिल्ह्यांची हद्द आहे. त्यामुळे घाटाचा माथा एका खंडात आणि पायथा दुसऱ्या खंडात, असा प्रकार घडतो. नाणेघाटाचे उदाहरण बोलके आहे. सातवाहनांच्या काळापासून वापरात असलेल्या या घाटातील लेण्याकडे १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स याचे लक्ष गेले. तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनात फिरत होता. त्याच्या या भटकंतीतून नागनिकेचा प्रसिद्ध लेख विद्वानांपुढे आला. म्हणजे एका पायी केलेल्या प्रवासाच्या नोंदीने दख्खनच्या प्राचीन इतिहासाची दिशा बदलली. गॅझेटिअरमध्ये या घाटाची सविस्तर नोंद ठाण्याच्या खंडात आहे, आणि घाटाच्या ऐन माथ्यावर उभा असलेला जीवधन पुण्याच्या खंडात. वैशाखरे येथून घाट चढून, जीवधन पाहून, घाटघरला उतरणाऱ्याचा हा एका दिवसाचा सलग अनुभव दोन खंडांत दुभंगला आहे.

हरिश्चंद्रगडाची स्थिती याहून बिकट. खिरेश्वरहून तोलारखिंडीने चढल्यास आरंभ पुणे जिल्ह्यात होतो. पाचनईकडून चढल्यास अकोले तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. आणि बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने गेल्यास ठाणे जिल्ह्यात. जिल्हा हे एकक धरून लावलेल्या सूचीत हा गड एकदाच येतो, परंतु त्यावर जाणाऱ्याला तीन जिल्ह्यांतून शोधावे लागते. शिवाय जिल्हेही स्थिर नसतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि अशेरी, तांदुळवाडी हे किल्ले ठाण्याच्या यादीतून निघून गेले.

नकाशांनीही हाच अनुभव दिला. भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रके अक्षांश-रेखांशाच्या पंधरा मिनिटांच्या चौकटीत कापलेली असतात. निसर्गाला या चौकटी ठाऊक नसतात. राजगड आणि तोरणा यांच्यामधून १८ अंश १५ मिनिटांची अक्षांशरेषा जात असल्याने ही जोडयात्रा करणाऱ्यास दोन पत्रके सोबत बाळगावी लागत. आणि मधली धार, म्हणजे जेथे वाट खरोखर चुकते ती जागा, नेमकी कागदाच्या कडेवर येई.

एका गडाची अनेक नावे, एका नावाचे अनेक गड

क्रम कोणताही स्वीकारला तरी शोध नावावरून करावा लागतो, आणि सह्याद्रीत नाव ही फसवी वस्तू आहे. तोरणा आणि प्रचंडगड एकच. रोहिडा आणि विचित्रगड एकच. तुंग म्हणजे कठीणगड, तिकोना म्हणजे वितंडगड, चावंड म्हणजे प्रसन्नगड, हडसर म्हणजे पर्वतगड. सुधागडाचे जुने नाव भोरप. कोथळीगडाला पायथ्याच्या गावावरून पेठचा किल्ला म्हणतात आणि गावातला माणूस ‘कोथळीगड कोठे’ असे विचारल्यास क्षणभर थांबतो. यांतील एक नाव बहुधा लोकव्यवहारातील, दुसरे कागदपत्रांतील. आमच्या वह्यांत विद्यार्थ्यांनी लोकव्यवहारातील नाव वापरले आहे. इतिहासाचा अभ्यासक कागदातील नाव घेऊन येतो. दोघांची गाठ पडावयाची तर सूचीत दोन्ही नावे असून एकीवरून दुसरीकडे निर्देश हवा.

याच्या उलट प्रकार भैरवगडाचा. मोरोशीजवळ एक, शिरपुंज्याजवळ एक, कोथळ्याजवळ एक, आणि कोयनेच्या अरण्यात आणखी एक. मोरोशीचा भैरवगड सरळसोट कातळभिंतीचा असून त्यास प्रस्तरारोहणाचे साहित्य लागते. शिरपुंज्याचा नवशिक्यांनाही झेपतो. ‘भैरवगड : सोपा’ एवढीच नोंद वाचून कोणी मोरोशीला गेला, तर सूचीकाराची चूक त्याच्या जिवावर बेतू शकते. अशा नोंदीत गडाच्या नावाला पायथ्याचे गाव जोडणे, एवढा किमान दंडक पाळावयास हवा.

दुर्गसाहित्य

मराठीतील दुर्गभ्रमणाच्या लेखनात या दोन्ही क्रमांची उदाहरणे आढळतात. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ हे पहिल्या प्रकारचे लेखन होय. तेथे गड एकटा येत नाही; सोबतचे लोक, वाटेवरची माणसे, आधीच्या भेटींची आठवण यांसह येतो. त्यातून राजगडावरील पाण्याची माहिती काढू पाहणाऱ्याची निराशा होईल, पण तो दोष ग्रंथाचा नाही, त्या वाचकाच्या अपेक्षेचा आहे. दुसऱ्या प्रकारात प्र. के. घाणेकर यांचे ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!’, प्रमोद मांडे यांचे ‘गड किल्ले महाराष्ट्राचे’ यांसारखी पुस्तके मोडतात. त्यांनी पुण्यातील किमान दोन पिढ्यांना डोंगरात नेले. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने नकाशे आणि वाटा यांना जे महत्त्व दिले, ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे.

मार्गदर्शक पुस्तकांची मर्यादा काळाची आहे. त्यांतील वाक्ये नेहमी वर्तमानकाळात असतात : येथून वाट वर जाते, येथे पाणी मिळते. वृत्तांत मात्र भूतकाळात लिहिलेला असतो आणि त्याला तारीख असते. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. वासोट्याचे पाहा. कोयना धरणाचा जलाशय भरण्यापूर्वी बामणोलीहून तेथे पायी जाता येत असे. नंतर तो प्रवास नावेने करावा लागू लागला. तारीख नसलेली पायवाटेची नोंद तेथे जाणाऱ्याला पाण्याच्या काठावर आणून सोडते. तीच नोंद तारखेसह असेल, तर ती बुडालेल्या खोऱ्याचे साधन ठरते. म्हणून जुना वृत्तांत कालबाह्य म्हणून टाकून देण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती इतिहासाच्या अभ्यासकाने मान्य करू नये.

वह्यांची सूची

पुण्यातील वाचकास पेशवे दफ्तराची आठवण येथे सहज होईल. दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले होते. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून विषयवार निवड करून ४५ भाग प्रसिद्ध केले. त्या निवडीमुळे संशोधनास केवढी गती मिळाली हे सर्वश्रुत आहे. तरीही शेजारचे कागद कोणते होते, हे पाहण्यासाठी अभ्यासकाला अखेर रुमालाकडेच जावे लागते. कागद निवडला म्हणून रुमाल मोडला गेला नाही, ही समाधानाची बाब.

आमच्या वह्यांच्या बाबतीत हेच धोरण ठेवले. आरंभी काही उत्साही विद्यार्थ्यांनी वह्यांची पाने सुटी करून प्रत्येक किल्ल्याची वेगळी फाइल करावी, असे सुचविले होते. ते करू दिले नाही. एकाच वृत्तांतात तीन किल्ले आणि दोन घाट येतात. पान कोणत्या फाइलमध्ये ठेवणार? त्याऐवजी वह्यांना क्रमांक, पानांना क्रमांक आणि बाहेर पत्रांची पेटी, अशी जुनी, ग्रंथालयातली रीत अवलंबिली. एका पत्रावर एकच शीर्षक. खाली वही, पान, महिना आणि वर्ष. हीच पत्रे पुढे संगणकावर उतरविली, त्यामुळे शोध जलद झाला. मात्र शीर्षके कोणती असावीत, याचा निर्णय संगणकाने दिला नाही.

किल्ल्यांची पत्रे लवकर झाली. घाटवाटांना वेळ लागला, कारण वृत्तांतात घाटाचे नाव अनेकदा नसतेच. ‘गावकऱ्यांनी दाखविलेल्या वाटेने उतरलो’ एवढेच असते. अशा वेळी वरचे गाव आणि खालचे गाव यांची जोडी हेच शीर्षक धरले. भोरगिरीहून भीमाशंकरमार्गे खांडसला उतरणाऱ्याने गणेश घाट घेतला की शिडी घाट, हे पुढच्या वर्णनावरून ठरवावे लागले. लोखंडी शिड्यांचा उल्लेख आला की प्रश्न मिटे. पाण्याची पत्रे महिन्यांनुसार लावली. मार्च, एप्रिल आणि मे यांची पत्रे फार थोडी निघाली. विद्यार्थी परीक्षांच्या दिवसांत डोंगरात जात नाहीत, हे त्याचे साधे कारण. परिणामी ज्या महिन्यांत पाण्याची माहिती सर्वांत आवश्यक, त्याच महिन्यांत आमचा संग्रह सर्वांत दुबळा आहे.

वाड्यांचे शीर्षक मुळात योजलेले नव्हते. मुक्कामाची जागा म्हणून वाडीचे नाव वृत्तांतात येई आणि आम्ही ते किल्ल्याच्या पत्रावरच टिपून मोकळे होत असू. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. गडावर जाणारी वाट त्या वाडीतूनच जात असे. त्यानंतर आम्ही पेटी उघडली, तेव्हा ‘इर्शाळवाडी’ या नावाचे एकही पत्र नव्हते. ‘इर्शाळगड’ या पत्रावरून तीन वह्या काढल्या. एका वृत्तांतात वाडीतील घरांची मांडणी आणि विहिरीकडे जाणारी पायवाट यांचे आठ-दहा ओळींचे वर्णन आहे. दुसऱ्यात भरपावसात कोणाच्या पडवीत आसरा मिळाला, ते आहे. तिसऱ्यात फक्त चहाचा उल्लेख आहे. लिहिणाऱ्यांना त्या ओळी महत्त्वाच्या वाटल्या नसाव्यात. त्या नेढ्याच्या आणि सुळक्याच्या वर्णनापूर्वी घाईने उरकलेल्या आहेत.

वाडीच्या नावाचे स्वतंत्र पत्र केले, त्यावर तीन वह्यांची पाने लिहिली आणि दरडीची तारीख टाकली. त्यानंतर सर्व वह्या पुन्हा पहिल्यापासून वाचावयास घेतल्या आहेत, या वेळी केवळ वाड्यांसाठी. सतरा वह्या झाल्या आहेत.